संस्कृती आणि खेळ सर्वांपर्यंत : शासनाच्या उद्दिष्टांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रंथालय, नाट्यगृह, मैदान, तालीम, वस्तुसंग्रहालय या सार्वजनिक सोयी अधिकाधिक लोकांना वापरता याव्यात यासाठी शासन वेळोवेळी धोरणे जाहीर करते आणि अनुदाने देते. ही धोरणे कोण राबवते, त्यांचा लाभ कोणाला होतो आणि त्यांचे यश कशावरून ठरवावे, याबद्दल पालक, ग्रंथालयांचे कार्यकर्ते, क्रीडाशिक्षक आणि हौशी कलावंत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे मुख्यतः महाराष्ट्रापुरती दिली आहेत.

पाणी, रस्ते आणि दवाखाने अपुरे असताना शासनाने संस्कृती आणि खेळावर खर्च का करावा?

समाजाच्या सांस्कृतिक जीवनात मोकळेपणाने भाग घेण्याचा हक्क १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या २७ व्या अनुच्छेदात सांगितला आहे. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या १५ व्या अनुच्छेदातही तो आला असून भारत १९७९ मध्ये या करारात सामील झाला. युनेस्कोने १९७८ च्या सनदेत शारीरिक शिक्षण आणि खेळ हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क मानला.

परंतु महाराष्ट्राला हे पटवून देण्यासाठी जागतिक करारांपर्यंत जाण्याची गरज नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले आणि जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात १९१२ मध्ये खासबाग मैदान तयार झाले. ते आजही पाहण्यासारखे आहे. मधोमध लाल मातीचा हौदा, ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मऊ केलेली ती माती, आणि हौद्याभोवती चहूबाजूंनी वर चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना आहे. हौदा खोलगट भागात असल्यामुळे शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही कुस्ती पुरती दिसते, मध्ये एकही खांब येत नाही. हजारो माणसांनी एकत्र बसून पाहायची गोष्ट कशी बांधावी, याचा विचार तेथे बांधकामापूर्वीच झालेला होता. मैदानाला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, उभे राहिले. कुस्ती आणि नाटक एकाच आवारात असावे, असे त्या काळच्या राज्यकर्त्याला वाटले, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. ऑगस्ट २०२४ मध्ये हे नाट्यगृह आगीत जळाले तेव्हा कोल्हापूरकरांना जे दुःख झाले, त्यावरून अशा वास्तू गावाच्या जीवनात किती खोल गेलेल्या असतात हे दिसून आले.

हा विषय केंद्राच्या अखत्यारीत येतो की राज्याच्या?

प्रामुख्याने राज्याच्या. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत १२ व्या नोंदीत ग्रंथालये आणि वस्तुसंग्रहालये, तर ३३ व्या नोंदीत नाट्यगृहे, नाट्यप्रयोग, खेळ आणि करमणूक यांचा समावेश आहे. राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित झालेली स्मारके आणि संस्था केंद्राकडे आहेत.

मात्र तिसरा वाटेकरी नेहमी विसरला जातो. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या विषयांत ग्रंथालये आणि सांस्कृतिक कार्यक्रम आले, आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे उद्याने, बागा, क्रीडांगणे तसेच सांस्कृतिक व शैक्षणिक बाबींना चालना देण्याचे काम आले. म्हणून गावातील बंद वाचनालयाबद्दल किंवा शहरातील वाहनतळ झालेल्या मैदानाबद्दल पहिला प्रश्न आपल्याच ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला विचारला पाहिजे.

सध्या कोणती धोरणे लागू आहेत?

राज्याचे पहिले सांस्कृतिक धोरण आ. ह. साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या मसुद्यावरून २०१० मध्ये आले आणि नवे धोरण २०२४ मध्ये मंजूर झाले. राज्याचे क्रीडा धोरण २०१२ चे आहे. केंद्राचे पहिले राष्ट्रीय क्रीडा धोरण १९८४ मध्ये, दुसरे २००१ मध्ये आले, आणि त्याची जागा जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या खेलो भारत नीतीने घेतली.

‘सर्वांपर्यंत पोहोचणे’ म्हणजे नेमके काय?

सोय बांधून दार उघडे ठेवले की ती सर्वांसाठी झाली, असा एक समज प्रशासनात आणि आपल्यातही रुजलेला आहे. प्रत्यक्षात माणूस दारापर्यंत का येत नाही याची कारणे वेगवेगळी असतात. तिकीट परवडत नाही हे एक कारण झाले. त्याहून अनेकदा मोठी कारणे म्हणजे अंतर, परतीची गाडी, कामाचे तास, लहान मूल कोणाजवळ ठेवायचे हा प्रश्न, पायऱ्या, स्वच्छतागृहाचा अभाव, आणि ‘ही जागा आपल्यासारख्यांची नाही’ ही वर्षानुवर्षे मनात बसलेली भावना.

अजिंठा आणि वेरूळची लेणी घ्या. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांमध्ये १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे आणि भारतीय नागरिकांसाठी शुल्कही माफक आहे. तरीही परभणीच्या किंवा बीडच्या एखाद्या खेड्यातील कुटुंबाला खरा खर्च येतो तो प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा. त्यामुळे आमच्या मते गेल्या काही वर्षांत सांस्कृतिक प्रवेश वाढवणारा मोठा निर्णय परिवहन विभागाकडून आला. मार्च २०२३ पासून एसटीच्या प्रवासात महिलांना अर्धे भाडे आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळू लागल्यावर देवदर्शन, यात्रा, माहेर आणि नात्यातील कार्ये यांच्याबरोबर नाटक, संमेलन आणि ग्रंथप्रदर्शनाची वाटही अनेकींसाठी सोपी झाली. असे निर्णय सांस्कृतिक धोरणात मोजले जात नाहीत, ते मोजले गेले पाहिजेत.

सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था कशी चालते?

महाराष्ट्रात वाचनालये शासनाच्या आधी लोकांनी उभी केली. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला होता. राज्याचा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा असून त्याने लोकांनी चालवलेल्या संस्थांना शासनमान्यता देऊन अनुदान देण्याची पद्धत स्वीकारली. ग्रंथालयांना अ, ब, क आणि ड असे दर्जे दिले जातात आणि दर्जानुसार अनुदान ठरते. तमिळनाडू किंवा कर्नाटकाप्रमाणे येथे ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठीचा जादा कर, आकारला जात नाही, त्यामुळे सगळी भिस्त अर्थसंकल्पातील तरतुदीवर राहते.

या पद्धतीचे बळ आणि तिची दुखरी बाजू दोन्ही ‘ड’ दर्जाच्या गावातील वाचनालयात दिसतात. ग्रामपंचायतीने दिलेली एक खोली, भिंतीला लागून लोखंडी कपाटे, पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर शाईने घातलेला दाखल क्रमांक, टेबलावर देवघेवीची नोंदवही, आणि दिवसभर दुसरे काम करून संध्याकाळी कुलूप उघडणारा ग्रंथपाल, असे तेथील चित्र असते. अशा वाचनालयाला अनेक वर्षे वर्षाला ३०,००० रुपये मिळत होते. २०२२-२३ च्या सुमारास अनुदानात ६० टक्के वाढ होऊन ती रक्कम ४८,००० रुपये झाली, म्हणजे महिन्याला ४,००० रुपये. ग्रंथपालाचे मानधन, नवी पुस्तके, वर्तमानपत्रे, मासिके आणि विजेचे बिल हे सगळे याच रकमेत बसवायचे असते. दहा-बारा हजार वस्त्यांपर्यंत वाचन नेणारे इतके विस्तृत जाळे इतक्या कमी पैशांत चालते, याचे श्रेय त्या ग्रंथपालांच्या निष्ठेला द्यावे लागते. मात्र त्यांच्या निष्ठेवर कायमचे विसंबून राहणे हे धोरण होऊ शकत नाही. वाचनालय रोज ठरलेल्या वेळी उघडावे असे उद्दिष्ट ठेवायचे असेल, तर ते उघडणाऱ्या माणसाला जगण्यापुरते वेतन देणे हा त्या उद्दिष्टाचाच भाग आहे.

‘पुस्तकांचे गाव’ या उपक्रमाचा लाभ स्थानिकांना होतो की पर्यटकांना?

दोघांनाही होऊ शकतो. महाबळेश्वरजवळच्या भिलार येथे मे २०१७ मध्ये हा उपक्रम सुरू झाला आणि गावातील घरांमध्ये विषयवार पुस्तके मांडून ती कोणालाही बसून वाचण्यासाठी खुली ठेवली गेली. पुस्तके कुलूपबंद इमारतीत न राहता नांदत्या घराच्या ओसरीवर आली, ही त्यातील चांगली गोष्ट. परंतु असा एक उपक्रम शेकडो छोट्या वाचनालयांची जागा घेऊ शकत नाही.

नाटक आणि लोककलांच्या बाबतीत शासन काय करते?

राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून सुरू आहे आणि आमच्या दृष्टीने महाराष्ट्राच्या सांस्कृतिक धोरणातील ही सर्वांत दूरदर्शी गोष्ट आहे. हौशी कलावंतांची ही स्पर्धा वेगवेगळ्या शहरांतील केंद्रांवर प्राथमिक फेरीने सुरू होते, आणि पुढे संगीत नाटक, बालनाट्य, हिंदी, संस्कृत तसेच दिव्यांग मुलांचे नाट्य यांच्यासाठीही स्पर्धा होऊ लागल्या. बँकेतला कारकून, शाळेतली शिक्षिका, वीज मंडळातला तंत्रज्ञ, महाविद्यालयातली मुले दिवसभराचे काम आटोपून रात्री तालमीला जमतात, नेपथ्य स्वतः ठोकतात, आणि आपल्या जिल्ह्याच्या केंद्रावर पूर्ण लांबीचे नाटक सादर करतात. प्रेक्षक वाढवण्याच्या योजना अनेक देशांत आहेत. सामान्य माणसाला रंगमंचावर उभे करणारी, सात दशके चाललेली शासकीय योजना मात्र विरळा आहे.

या स्पर्धेची अडचण जागेची आहे. अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी नाट्यगृह आहे, परंतु ध्वनियंत्रणा नादुरुस्त, वातानुकूलन बंद, कलाकारांच्या खोलीत पाणी नाही, आणि भाडे हौशी संस्थेला न झेपणारे, अशा तक्रारी सर्वत्र ऐकू येतात. तालमीसाठी परवडणारी जागा मिळणे तर त्याहूनही कठीण असते. महापालिका शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात. ते नाममात्र दरात हौशी संस्थांना द्यायला नवी इमारत लागत नाही.

वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे. आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेत २०२४ पासून पात्र कलावंतांना दरमहा ५,००० रुपये देण्याचे ठरले. तमाशा, गोंधळ, भारूड, दशावतार, खडीगंमत यांत आयुष्य घालवलेल्या, पण कागदपत्रे जपून न ठेवलेल्या माणसाला आपण कलावंत असल्याचा पुरावा जमवणे जड जाते. तेथे पंचायत समितीच्या पातळीवर मदत करणारा कर्मचारी असणे आवश्यक आहे.

क्रीडा धोरणाचा भर पदकांवर आहे की सर्वांनी खेळावे यावर?

दोन्हींवर असल्याचे धोरणांत लिहिलेले असते. २००१ च्या राष्ट्रीय धोरणाने खेळाचा पाया विस्तारणे आणि उच्च दर्जा गाठणे अशी दोन उद्दिष्टे स्पष्टपणे मांडली होती. प्रत्यक्षात पैसा आणि लक्ष दुसऱ्या उद्दिष्टाकडे ओढले जाते, कारण पदक दिसते, छायाचित्रात येते, आणि रोज संध्याकाळी मैदानावर धावणारी मुले बातमी होत नाहीत.

पदकांसाठीच्या व्यवस्थेने महाराष्ट्रात काम केले आहे, हे मान्य केले पाहिजे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते लोकांच्या वर्गणीवर आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून दिलेल्या सात हजार रुपयांवर. त्यांनी कांस्यपदक आणले. त्यानंतर ७२ वर्षांनी पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हा राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे निवडक मुलांच्या निवासी प्रशिक्षण केंद्रात, घडलेला खेळाडू आहे. खेड्यातील मुलाला नेमबाजीसारखा महागडा खेळ शिकता येणे, हे या व्यवस्थेमुळेच शक्य झाले. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे वाढीव गुण आणि शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण या तरतुदींमुळे ‘खेळून काय मिळणार’ या पालकांच्या प्रश्नालाही काहीसे उत्तर मिळाले.

परंतु निवड न झालेल्या मुलांचे काय, हा प्रश्न उरतोच. प्रत्येक तालुक्याला आणि जिल्ह्याला क्रीडा संकुल देण्याची योजना त्यांच्यासाठीच आहे. २०२२ मध्ये या संकुलांसाठीची अनुदान मर्यादा तालुक्याला ५ कोटी, जिल्ह्याला २५ कोटी आणि विभागाला ५० कोटी रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. बांधकामासाठी पैसा मिळतो, मात्र देखभाल, पहारेकरी, वीज आणि मार्गदर्शक यांच्यासाठी नियमित तरतूद तोकडी असते, आणि गावाबाहेर मिळेल त्या जमिनीवर उभारलेल्या संकुलापर्यंत बारा वर्षांची मुलगी संध्याकाळी एकटी जाऊ शकत नाही. मग धावपट्टीवर गवत वाढते आणि बंदिस्त सभागृह लग्नकार्यांना भाड्याने जाते. गावाच्या वस्तीतील अर्ध्या एकराचे सपाट, दिवे असलेले मैदान पाच किलोमीटरवरच्या संकुलापेक्षा अधिक मुलांना खेळवते, असे आमचे ठाम मत आहे.

शहरातील मैदाने कमी का होत आहेत?

विकास आराखड्यात क्रीडांगणाचे आरक्षण दाखवले म्हणजे मैदान मिळाले असे होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालकाला नोटीस देता येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. पैसा नसल्याचे कारण देत महापालिका थांबते आणि नकाशावरचे मैदान कायद्यानेच नाहीसे होते. मालकावर अन्याय होऊ नये म्हणून हे कलम आहे आणि ते योग्यच आहे. दोष आरक्षण टाकून पैशाची तरतूद न करणाऱ्यांचा आहे.

दुसरा मार्ग शाळांचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि ग्रंथालय असावे असे म्हटले आहे. ही मैदाने शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी परिसरातील मुलांना खुली केली, देखरेखीसाठी एक माणूस नेमला आणि नुकसानीची जबाबदारी स्थानिक संस्थेने घेतली, तर दाट वस्तीच्या शहरांत संपादनाविना जागा मिळते. मुख्याध्यापकांची भीती अपघाताच्या जबाबदारीची असते. ती लेखी आदेशाने दूर करता येते.

मुली आणि महिलांसाठी वेगळे उद्दिष्ट आवश्यक आहे का?

होय. मार्च २०२३ मध्ये सांगली येथे महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, यावरून मुलींची ओढ किती आहे आणि त्यांना किती उशिरा जागा मिळाली हे दोन्ही कळते. वयात आल्यावर मुली मैदान सोडतात त्याची कारणे साधी आहेत: कपडे बदलायला खोली नसते, स्वच्छतागृहाला कडी नसते, परतताना रस्त्यावर दिवा नसतो, मार्गदर्शक पुरुषच असतो. या बाबी अंदाजपत्रकात ‘इतर’ या शीर्षाखाली ढकलल्या जातात, आणि मग मुलींचा सहभाग कमी असल्याची खंत व्यक्त होते.

दिव्यांगांच्या बाबतीत कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या २९ व्या कलमात सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन, तर ३० व्या कलमात खेळ यांतील समान सहभागासाठी शासनाने उपाय योजावेत असे म्हटले आहे. मूळचे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात सुवर्णपदक मिळवले होते. उताराचा मार्ग, ब्रेल आणि श्राव्य पुस्तके, सांकेतिक भाषेतील सादरीकरण यांची तरतूद आराखड्यातच करावी, नंतर जोडलेला उतार बहुधा वापरण्याजोगा नसतो.

गोव्यात परिस्थिती वेगळी आहे का?

गोवा लहान असल्याने तेथे अंतराची अडचण कमी आहे आणि शासनाचा सहभाग जवळचा आहे. पणजीची कला अकादमी, मडगावचे रवींद्र भवन आणि फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर यांसारख्या वास्तूंमुळे मराठी व कोकणी नाट्यस्पर्धा, भजन स्पर्धा यांना हक्काची जागा मिळाली. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या. मोठ्या स्पर्धांसाठी उभारलेल्या सोयी पुढे सामान्यांना खुल्या राहतात का, हा प्रश्न तेथेही आहे आणि १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेल्या पुण्याच्या बालेवाडी क्रीडानगरीबाबतही विचारला जातो.

उद्दिष्ट साध्य झाले हे मोजायचे कसे?

आपल्याकडे बहुतेक अहवालांत किती संकुले बांधली, किती अनुदान वाटले, किती महोत्सव झाले हे लिहिलेले असते. कोण आले आणि कोण आले नाही हे लिहिलेले नसते.

ब्रिटनचे उदाहरण यासाठी उपयोगी आहे. तेथे १ डिसेंबर २००१ पासून राष्ट्रीय संग्रहालयांत प्रवेश मोफत झाला आणि भेटींची संख्या पुष्कळ वाढली, तरी येणाऱ्यांत पूर्वीप्रमाणेच सुशिक्षित आणि सुस्थित वर्गाचे प्रमाण मोठे राहिले. पुढे तेथील संस्कृती खात्याने कमी सहभाग असलेले गट, म्हणजे वांशिक अल्पसंख्याक, दिव्यांग आणि कमी उत्पन्नाच्या व्यवसायांतील लोक, उद्दिष्टातच नमूद केले. वर्षातून किमान दोनदा कलाकार्यक्रमाला गेलेला किंवा किमान बारा वेळा खेळलेला माणूस मोजायचा असे ठरवले. आणि २००५ पासून इंग्लंडमध्ये घरोघरी जाऊन त्याचे सर्वेक्षण केले. सगळी उद्दिष्टे गाठली गेली नाहीत, पण कोणती गाठली गेली नाहीत हे जाहीरपणे कळले. महाराष्ट्रात असे सर्वेक्षण जिल्हावार, स्त्री-पुरुष, ग्रामीण-शहरी, आदिवासी आणि दिव्यांग अशा विभागणीसह नियमित झाले, तर अनुदानाची दिशा ठरवायला आधार मिळेल. सुरुवात लहान करता येते: तालुका क्रीडा संकुलात रोज येणाऱ्यांची साधी नोंदवही ठेवली आणि तिची महिन्याची बेरीज दारावर लावली, तरी पुष्कळ कळेल.

एक नागरिक म्हणून मी काय करू शकतो?

गावात राहत असाल तर पुढील वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तयार होताना ग्रामसभेत वाचनालय आणि मैदान यांच्यासाठी स्वतंत्र रकमेची मागणी करावी आणि ती ठरावात लिहून घ्यावी. तोंडी मागणी कार्यवृत्तात येत नाही. शहरात आपल्या प्रभागातील आरक्षणांची यादी नगररचना विभागातून मिळवून कोणत्या क्रीडांगणाची १० वर्षांची मुदत जवळ आली आहे हे पाहावे. ग्रंथालयांबाबत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे आणि संकुलांबाबत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करता येतो. उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्कासह अर्ज करावा. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. अर्जात ‘संकुलाची सद्यःस्थिती कळवावी’ असे मोघम न लिहिता, मागील वर्षी देखभालीवर किती खर्च झाला, संकुल कोणत्या वेळेत खुले असते, मार्गदर्शकाचे पद भरलेले आहे का आणि सभागृह किती दिवस खासगी कार्यक्रमांना दिले गेले, असे मुद्देसूद विचारावे आणि संबंधित नोंदवहीच्या छायाप्रती मागाव्यात.